विष सरकारी, हात दुसऱ्याचा: मग जबाबदार कोण?

लाल_त्रिकोण (तासगाव तालुका)

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा आडवाच आहे, पण दहा दिवस झाले डोक्यातून जाईना, म्हणून इथं टाकतोय.

पुतणीच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा आहे. विषय आलाय 'रासायनिक आणि जैविक हल्ल्यांना सरकारेच जबाबदार असतात' आणि तिला बोलायचंय बाजूनं. रविवारी दुपारी वही घेऊन ती दुकानात आली. तिथं आमचे मामा बसलेले. कोरेगावकडचे, रिटायर्ड सुभेदार, द्राक्षाच्या सीझनला चार दिवस मुक्कामाला येतात. मामांनी चहा संपायच्या आत विषय निकालात काढला. "सरकारनं टाकलं तर सरकार. अतिरेक्यानं टाकलं तर अतिरेकी. ह्यात वाद कसला घालायचा?"

पोरीचं तोंड उतरलं. मलाही काही ते पटलं नाही. का पटलं नाही हे सांगायचं तर आधी धंदा सांगावा लागेल.

माझं कृषी सेवा केंद्र आहे. सगळा द्राक्षपट्टा, त्यामुळं औषधांचा खप दांडगा. (आम्ही विषाला औषध म्हणतो. सवय.) प्रत्येक बाटलीवर त्रिकोण असतो. हिरवा, निळा, पिवळा, लाल. लाल सगळ्यात जहाल, त्यावर कवटी. परवाना फ्रेम करून भिंतीला लावलाय आणि टेबलाच्या खणात साठा रजिस्टर. कुठल्या बॅचचं किती आलं, पावतीनं कुणाला किती गेलं, शिल्लक किती. गुणनियंत्रणवाले साहेब कधीही येतात, रजिस्टर उघडतात आणि कपाटातल्या बाटल्या मोजायला बसतात. जुळलं नाही की नोटीस. उद्या माझ्याकडची बाटली नेऊन कुणी भलतंच केलं तर मी खुनी नाही, कबूल. पण "बाटली कुणाच्या कपाटातली, पावती कुठाय" हा पहिला सवाल माझ्याच दारात येणार. यायलाच पाहिजे.

आता दुसरी गोष्ट. २०११ साली आमच्याच बागेत मिलीबग किडीसाठी क्लोरपायरीफॉस औषधाची फवारणी चालली होती. गडी बॅरलमध्ये काठीनं ढवळत होता, सदरा पुढून भिजलेला. तीनच्या सुमाराला बांधावर टेकला आणि म्हणाला, "मालक, धुकं पडलंय काय ओ?" भर दुपारी. मग घाम सुटला, तोंडातून लाळ, इतकी की पुसून पुसून टॉवेल निथळायला लागला. जीपच्या मागच्या सीटवर आडवा केला तेव्हा मी त्याचे डोळे बघितले. आत सावली होती तरी बाहुल्या मोहरीच्या दाण्याहून बारीक. डॉक्टरांनी उताऱ्याचं इंजेक्शन, अ‍ॅट्रोपिन, सुरू केलं, एक झालं की दुसरं, रात्रभर. नवव्या दिवशी घरी आला. वाचला.

दोन वर्षांनी, २०१३ च्या ऑगस्टात, सीरियातल्या घूता भागातली दृश्यं टीव्हीवर आली. फरशीवर ओळीनं निजवलेली पोरं, तोंडाला फेस, वरून पाण्याचे पाईप. आम्ही जेवत होतो. मी ताट सारलं, कारण ती लक्षणं माझ्या ओळखीची होती. मग वाचत गेलो. तिथं वापरलेलं सरीन नावाचं विष आणि माझ्या कपाटातलं औषध एकाच गोतावळ्यातलं, ऑरगॅनोफॉस्फेट. गेरहार्ड श्राडर म्हणून जर्मन रसायनशास्त्रज्ञ १९३६ साली किडीवरचं औषध शोधत होता, त्याला सापडला टाबून, म्हणजे माणसाच्या मज्जासंस्थेवर घाला घालणारा नर्व्ह गॅस. दोन वर्षांनी सरीन. म्हणजे दोन्हींचं मूळ घर एकच.

तर प्रश्न असा. २००१ साली अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाच्या जंतूंची पाकिटं गेली. ५ माणसं मेली, १७ आजारी पडली. सुरुवातीला बोटं भलतीकडंच. शेवटी २००८ साली तिथल्या तपास यंत्रणेनं, एफबीआयनं, सांगितलं की जंतूंचा माग निघाला फोर्ट डेट्रिकच्या, म्हणजे त्यांच्याच लष्कराच्या प्रयोगशाळेतल्या एका फ्लास्कपर्यंत आणि करणारा तिथलाच शास्त्रज्ञ. खटला उभा राहायच्या आधी त्यानं जीव दिला. हात एका माणसाचा, धरून चाला. पण कपाट कुणाचं होतं? मामांच्या हिशेबात हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

स्पर्धा येत्या शनिवारी आहे. जाणकारांनी लिहावं.


काळा_कोट (सांगली)

दादा, पुतणीला सांगा, मामांचं वाक्य कोर्टात पहिल्या तारखेलाच पडेल.

तुम्ही विचारलेल्या अँथ्रॅक्सचंच आधी सांगते, कारण तुमचं रजिस्टर तिथे खरोखर कोर्टात गेलं होतं. पहिला बळी फ्लोरिडातला एक फोटो एडिटर. त्याच्या पत्नीने थेट अमेरिकन सरकारवर दावा लावला. म्हणणं साधं होतं: पाकीट कुणी टाकलं ते तुम्ही शोधा, पण असले जंतू तुमच्या प्रयोगशाळेतून बाहेर जातातच कसे? दावा बरीच वर्षं चालला आणि २०११ साली सरकारने २५ लाख डॉलर देऊन तो मिटवला. चूक कबूल केली नाही. तडजोडीत कुणी करतही नाही.

सरकारं निसटतात कशी हे बघायचं तर पहिल्या महायुद्धापर्यंत मागे जावं लागतं. २२ एप्रिल १९१५, बेल्जियममधलं ईप्र. जर्मनीने साडेपाच हजारांहून जास्त सिलिंडर उघडले आणि क्लोरीन वाऱ्यावर सोडला. १८९९ च्या हेग जाहीरनाम्यात विषारी वायू पसरवणारे तोफगोळे वापरायचे नाहीत असं ठरलेलं होतं. त्यावर युक्तिवाद काय आला, तर आम्ही गोळा कुठे मारला, आम्ही तर सिलिंडर उघडले! "झाड मी तोडलं नाही साहेब, फक्त मुळं उघडी केली" म्हणणारे बांधाच्या भांडणातले पक्षकार माझ्याकडे येतात. जात तीच.

नंतर १९२५ चा जिनिव्हा प्रोटोकॉल आला. त्यात वापरायला बंदी, पण बनवून कोठारात ठेवायला बंदी नाही. म्हणजे तुमच्या भाषेत, विकू नका, कपाट भरून ठेवा. हे भोक बुजवायला १९९३ उजाडलं. त्या वर्षीचा रासायनिक शस्त्रबंदी करार १९९७ पासून लागू झाला आणि त्यात पुतणीच्या कामाची गोष्ट आहे: प्रत्येक सरकारने आपल्या देशातल्या माणसांसाठी, कंपन्यांसाठी तसाच कायदा करायचा. आपला कायदा २००० सालचा. त्यामुळे "ते खाजगी माणसाने केलं, आमचा काय संबंध" असं म्हणून सरकारला आता हात झटकता येत नाहीत. कायदा केला का, तपासणी केली का, हे विचारता येतं.

आता मामांच्या बाजूचं. शिक्षा झाली ती माणसांनाच. १६ मार्च १९८८ ला इराकच्या विमानांनी आपल्याच देशातल्या कुर्दांच्या हलब्जा गावावर कातडी भाजणारा मस्टर्ड गॅस आणि नर्व्ह गॅस टाकला. ५,००० पर्यंत माणसं गेली. ज्याला लोक 'केमिकल अली' म्हणत त्या अली हसन अल-माजिदला २०१० साली फाशी झाली. आणि दादा, तुमच्या धंद्याच्या जवळचा एक माणूस: फ्रान्स व्हॅन अनराट, डच व्यापारी. मस्टर्ड गॅसला लागणारं थायोडायग्लायकॉल तो सद्दामच्या इराकला पुरवत होता. कापड आणि शाईच्या धंद्यातही ते लागतं, त्यामुळे कागदावर सगळं गोंडस. हेगच्या न्यायालयाने २००५ साली युद्धगुन्ह्यांत साथ दिल्याबद्दल १५ वर्षं दिली, अपिलात ती १७ झाली. पावती फाडणारा आत गेला. पण ज्या देशांच्या बंदरांतून ते पिंप निघत होते त्यांचं काय? मे १९८८ मध्ये, हलब्जानंतर दोनच महिन्यांनी, सुरक्षा परिषदेने ठराव केला, क्रमांक ६१२. रासायनिक शस्त्रांच्या वापराचा निषेध. कुणी वापरली? नाव नाही. इराण आणि इराक दोघांनीही संयम पाळावा म्हणे.

घूताचं तर त्याहून पुढचं. २०१३ ला संयुक्त राष्ट्रांचं पथक गेलं, नमुने घेतले, सरीन आहे असा स्वच्छ अहवाल दिला. मात्र त्यांना नेमतानाच अट होती: वापरलं की नाही एवढंच बघा, कुणी वापरलं ते बघू नका. पंचनामा करा पण आरोपीचा रकाना कोरा ठेवा! मग २०१५ मध्ये दोषी ठरवण्यासाठी वेगळी यंत्रणा नेमली. तिने ४ एप्रिल २०१७ च्या खान शेखूनच्या सरीन हल्ल्याबद्दल सीरिया सरकारचं नाव घेतलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात रशियाने नकाराधिकार वापरून तिची मुदतवाढ रोखली. शेवटी जून २०१८ मध्ये हेगला ओपीसीडब्ल्यूच्या, म्हणजे हा रासायनिक शस्त्रबंदी करार राबवणाऱ्या संघटनेच्या, सदस्य देशांनी ८२ विरुद्ध २४ मतांनी ठरवलं की यापुढे नाव घ्यायचं कामही आमची संघटना करेल.

बाकी उद्या. अशील आलेत.


कट्ट्यावरचा_पाटील (विटा)

एवढं सगळं ऐकल्यावर त्या दिवशी 'विरोधात' बोलणाऱ्या पोराचं काय होणार? त्याला पण कुणीतरी दोन मुद्दे द्या राव.


वाईचा_घाट

देतो. मला ही सरसकट 'होय' पटतच नाही.

सरकार दोषी म्हणणारं कोण असतं? बहुतेक वेळा दुसरं सरकार. आणि त्याला पुरावा गोळा करायचा असतो स्वतःच्या सोयीचा. १९८१ साली अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी, अलेक्झांडर हेग यांनी, जाहीर केलं की लाओस आणि कंबोडियात सोव्हिएत मदतीनं विष फवारलं जातंय. निर्वासित सांगत होते, आकाशातून पिवळा पाऊस पडतो, पानांवर पिवळे ठिपके राहतात. जगभर खळबळ. हार्वर्डचे मॅथ्यू मेसेल्सन आणि त्यांच्या जोडीदारांनी ते ठिपके तपासले, तर आत परागकण, ते पण पचलेले. मग ते थायलंडच्या जंगलात गेले आणि तिथं त्यांच्या अंगावरच पिवळा पाऊस पडला. आग्या मोहोळातल्या माश्या थव्यानं बाहेर पडतात आणि वरून शी करतात. आमच्या मांढरदेवच्या डोंगरात कुणालाही विचारलं असतं तर फुकट सांगितलं असतं.

हसू येतं, पण ऑगस्ट १९९८ मध्ये ह्याच घाईनं अमेरिकेनं सुदानची राजधानी खार्टूममधला औषधांचा कारखाना क्षेपणास्त्रांनी उडवला. नर्व्ह गॅसचं रसायन बनतंय म्हणे, आणि आधार काय, तर बाहेरून उचललेल्या मातीचा एक नमुना. तिथं मलेरियाच्या गोळ्या बनत होत्या. २००३ चा इराक सगळ्यांना माहीत आहे. ज्या साठ्यासाठी युद्ध केलं तो साठा निघालाच नाही. म्हणून पाटील, त्या पोराला सांगा: 'सरकारेच जबाबदार' हे आधी ठरवून टाकलं की पुरावा शोधायची गरजच संपते.

आता प्रामाणिकपणे उलटही सांगतो, कारण माणूस तोच आहे, मेसेल्सन. एप्रिल १९७९, रशियातलं स्वेर्दलोव्स्क. गावात अँथ्रॅक्सनं माणसं मरायला लागली. सरकारनं सांगितलं, रोगट जनावराचं मांस खाल्लं. आधी मेसेल्सनना ती गोष्ट पटण्यासारखी वाटली होती. सोव्हिएत संघ मोडल्यावर १९९२ साली ते स्वतः गेले, मेलेल्यांच्या घरी फिरले, २ एप्रिलला कोण कुठं होतं ते नकाशावर मांडलं. सगळे ठिपके लष्करी आवारापासून निघणाऱ्या एका अरुंद पट्ट्यात, त्या दिवशीच्या वाऱ्याच्या दिशेनं. त्याच रेषेत पुढं ५० किलोमीटरपर्यंतच्या गावांतली मेंढरं-जनावरं मेलेली. निदान ६६ माणसं गेली. जैविक शस्त्रबंदी करार १९७५ पासून लागू होता, सोव्हिएत संघाची त्यावर सही होती आणि जंतूंचा कारखाना चालूच. त्या करारात आजही तपासणीची सोय नाही. रजिस्टर आहे, मोजायला येणारा साहेब नाही.


लाल_त्रिकोण

घाटावरच्या भाऊंचं वाऱ्याचं वाचून अंगावर काटा आला. आम्ही फवारणीचा ब्लोअर चालू करायच्या आधी मूठभर माती उडवून वारं बघतो. शेजारच्याची मेथी असली तर थांबतो. एकदा थांबलो नव्हतो. ती मेथी मी पूर्ण प्लॉटच्या भावानं विकत घेतली, वर वर्षभर बोलणं ऐकलं ते वेगळंच.

ताई, तुम्हाला अजून एक. दुकान विकलं तर आमच्यात शिल्लक साठा मोजून नवा मालक सही करतो. देशाचं कसं? सरकार बदललं, राजा गेला, तर जुन्या विषाचा धनी कोण?


काळा_कोट (सांगली)

राज्य तेच, तर कर्जही तेच. सरकार पडलं म्हणून देशाची देणी बुडत नाहीत.

जपानचं उदाहरण घ्या. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने चीनमध्ये विषारी गोळे नेले आणि हरल्यावर नदीत टाकले, जमिनीत पुरले, निघून गेले. १९९३ च्या करारात त्यासाठी कलम आहे: दुसऱ्याच्या भूमीवर टाकून दिलेली शस्त्रं ज्याने टाकली त्यानेच नष्ट करायची. जपान अजून ते काम करतोय. ऑगस्ट २००३ मध्ये चीनच्या चिचिहार शहरात बांधकामाच्या खोदाईत मस्टर्डची पिंपं निघाली. एक कामगार दगावला, ४० हून जास्त लोक भाजले. जपानने ३० कोटी येन दिले.

पण सगळीकडे असं होत नाही. हार्बिनजवळच्या ७३१ नंबरच्या तुकडीने जिवंत माणसांवर प्लेग, अँथ्रॅक्सचे प्रयोग केले. तिचा प्रमुख शिरो इशी याला कधी कोर्टात उभंही केलं नाही, कारण त्या प्रयोगांची कागदपत्रं अमेरिकेला हवी होती. २००२ मध्ये १८० चिनी फिर्यादींच्या दाव्यात टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने मान्य केलं की जंतुयुद्ध झालं होतं. पुढच्याच परिच्छेदात भरपाई नाकारली, व्यक्तीला परक्या सरकारकडून अशी भरपाई मागता येत नाही म्हणून. तो निकाल वाचून मी फाईल बंद केली आणि कृष्णेच्या घाटावर जाऊन बसले होते.

सीरियाचा तेव्हाचा अध्यक्ष बशर अल-असाद, त्याचंही लिहायचं राहिलं. फ्रान्सने नोव्हेंबर २०२३ मध्ये घूताबद्दल त्याच्यावर अटक वॉरंट काढलं. जुलै २०२५ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं: वॉरंट काढलं तेव्हा तो गादीवर होता, गादीवरच्या राष्ट्रप्रमुखाला संरक्षण असतं. मात्र डिसेंबर २०२४ ला तो पळून गेलाय, आता नवं काढता येईल, असंही म्हटलं. म्हणजे खुर्ची असेपर्यंत हात लावायचा नाही. मामांना हे नक्की वाचून दाखवा.


रात्रपाळी (मिरज)

मी नर्स आहे, कोर्टकचेरीतलं मला कळत नाही. टोकियोचं मात्र आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, ते सांगते.

२० मार्च १९९५, सकाळची गर्दी, पाच भुयारी मेट्रो गाड्यांत ओम शिनरिक्यो नावाच्या पंथाच्या लोकांनी सरीनच्या पिशव्या छत्रीच्या टोकानं फोडल्या. हे काही सरकारनं केलं नाही. सेंट ल्यूक्स नावाच्या दवाखान्यात त्या एका दिवशी ६४० पेशंट आले. काय झालंय ते कुणालाच माहीत नव्हतं. शिनशू विद्यापीठाच्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरनं टीव्हीवर पेशंट बघितले आणि फोन करून सांगितलं, हे सरीन दिसतंय, आम्ही हे बघितलंय. कारण नऊ महिने आधी त्यांच्या मात्सुमोतो गावात त्याच पंथानं सरीन सोडलं होतं, सात माणसं मेली होती. पोलिसांनी तेव्हा संशय घेतला कुणावर? ज्यानं पहिला फोन करून मदत मागितली त्याच्यावर. त्याची बायको कोमात होती. नऊ महिने गेले. हे नऊ महिने कुणाच्या नावावर लिहायचे? म्हणून 'सरकारनं टाकलं नाही' एवढ्यावर मला थांबता येत नाही.

माझं माहेर हरिपूर. आमच्याकडं हळदीची पेवं असायची, जमिनीखाली खोल. पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नसे. आधी वाफ जाऊ द्यायची, मग दोरीनं कंदील खाली सोडायचा. कंदील विझला तर माणूस उतरवायचा नाही. आज्जा स्वतः दोरी धरून उभा राहायचा, हमालाला धरू द्यायचा नाही, कारण पेव त्याचं. टोकियोनंतर दोन दिवसांनी पोलीस त्या पंथाच्या कारखान्यात शिरले तेव्हा पुढच्यांच्या हातात पिंजरे होते, पिंजऱ्यात कॅनरी पक्षी. तो फोटो बघून मला आज्जाचा कंदील आठवला. फरक एवढाच की जपानात कंदील लागला तो माणसं मेल्यावर.

तरी एक सांगते. २००८ साली तिथल्या सरकारनं कायदा करून त्या पंथाच्या हल्ल्यातल्या लोकांना पैसे दिले. पंथाकडून वसूल होईना म्हणून.

सेंट ल्यूक्समध्ये अजून एक झालं. पेशंटचे कपडे काढले नाहीत, खिडक्या बंद, त्यामुळं डॉक्टर-नर्सनाही त्रास सुरू झाला. फवारणीचा पेशंट आला की आम्ही म्हणून आधी सदरा काढतो, साबणानं धुतो, मग बाकीचं.

आणि लाल_त्रिकोण दादा, तुमच्या गड्याच्या हातात हातमोजे का नव्हते, हे तुम्ही लिहिलं नाही.


लाल_त्रिकोण

सिस्टर, दोन दिवस उत्तर लिहायला घेतोय आणि खोडतोय.

हातमोजे होते. दुकानात टांगलेले, विकायला. चाळीस रुपये जोडी. काउंटरच्या मागच्या खिळ्याला, अजूनही तिथंच टांगतो. त्या दिवशी मी बागेत जाताना बॅरल नेलं, औषध नेलं, काठी नेली. मोजे न्यायचं सुचलं नाही असं मी चौदा वर्षं सांगतोय. खरं म्हणजे सुचलं होतं. म्हटलं, कशाला पाकीट फोडायचं. दवाखान्याचा खर्च मी केला, पगार चालू ठेवला, तो आजही माझ्याकडंच आहे. त्यानं कधी विचारलं नाही. विचारणारी पहिली तुम्ही.

मामांना सगळा धागा वाचून दाखवला. चष्मा काढून ऐकत होते. असादच्या खुर्चीवर "बरोबर आहे, फौजेत पण तसंच" एवढंच म्हणाले. मग पुतणीनं तिला सापडलेलं वाचलं, की १९३० च्या दशकापासून दहा वर्षांहून जास्त काळ ब्रिटिश शास्त्रज्ञांनी रावळपिंडीला हिंदी शिपायांवर मस्टर्ड गॅसचे प्रयोग केले. गोऱ्या कातडीपेक्षा हिंदी कातडीवर वेगळं होतं का ते बघायला. कितीक जण भाजून दवाखान्यात पडले. मामांच्या वाटणीत तिथं अडचण झाली, कारण शत्रू नाही, अतिरेकी नाही, टाकणारं पगार देणारं सरकारच आणि ज्याच्यावर टाकलं तो त्याचाच शिपाई.

पुढचं मामांनी सांगितलेलं, मी फक्त टाईप करतोय: "आम्हाला ट्रेनिंगला अश्रुधुराच्या खोलीत घालायचे. मास्क काढायचा, नाव आणि नंबर सांगायचा, मग बाहेर. उस्ताद म्हणायचा, गॅस दुश्मन टाकेल, आपण टाकत नाही, आपल्याकडं नाही. १९९२ ला पाकिस्तानबरोबर करार झाला, दोघांनी सांगितलं रासायनिक शस्त्रं ठेवणार नाही. १९९७ ला मी सर्व्हिसलाच होतो. पेपरला आलं की भारतानं साठा जाहीर केला, म्हणजे होता. १,०४४ टन मस्टर्ड. मेसमध्ये कुणी बोललं नाही. २००९ पर्यंत सगळा नष्ट केला, तपासणीवाल्यांसमोर, ते चांगलंच केलं, कबूल करून केलं. पण पाच वर्षं आधी आमच्या उस्तादाला कुणी खरं सांगितलं होतं का? तो खोटारडा नव्हता, लेका. त्याला जे रजिस्टर दाखवलं तेच त्यानं आम्हाला वाचून दाखवलं."

एवढं बोलून मामा बाहेर बाकड्यावर जाऊन बसले. पोरीनं भाषणाची सुरुवात बदलली. आता ती पेवातल्या कंदिलापासून सुरू करणार आहे, सिस्टर, तुमची परवानगी असेल तर. विरोधातल्या पोराला पिवळ्या पावसाची गोष्ट तिनं स्वतःच फोन करून सांगितली. मी म्हटलं, असं कोण करतं? म्हणाली, त्याशिवाय मजा नाही.

आणखी एक झालंय. सोमवारी साहेब तपासणीला येणार असं कळलं, म्हणून काल रात्री शटर अर्धं ओढून साठा मोजला. लाल त्रिकोणाच्या एका औषधाच्या रजिस्टरला शिल्लक ४० बाटल्या, कपाटात ३८. तीनदा मोजल्या. मामांना मोजायला लावल्या. ३८.

पहाटे आठवलं. पावसाच्या तोंडावर वरच्या आळीतला एक जण आला होता, लाईट गेलेली, पैसे नंतर देतो म्हणाला. दिल्या दोन. पावती फाडली नाही. त्याच्या घरात बारकी पोरं आहेत, आणि त्या बाटल्या त्यानं वापरल्या का कुठं ठेवल्या, मला माहीत नाही. मामा म्हणतायत फोन कर. फोन लागत नाही. गाडी काढतोय.